एवढा शहाणा दमा

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा हक्क साऱ्या नव्या मुंबईत एकाच माणसाला होता, आणि तो माणूस म्हणजे तुमच्या बाबाचे छातीचे डॉक्टर. मुलांनो, तुमच्या बाबाला लहानपणी दमा होता हे तुम्हाला परवाच कळलं म्हणे. आणि धाकटीला तुमच्या तिकडच्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिल्यापासून ती रुसून बसली आहे, हे मला कळलं. म्हणून तुमची आजी हे लिहिते आहे.

वाशीला आमच्याच सेक्टरमध्ये, तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता. माणूस उंच, किडकिडीत, बोलणं तुटक. मुलाला तपासण्याआधी ते आईवडिलांचा वास घेत, आणि हे मी अक्षरशः सांगते आहे. मसाला मार्केटमधला एक व्यापारी दुकानातून थेट मुलीला घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. “शेठ, तुमच्या सदऱ्यावर पावशेर मिरची आहे. आंघोळ करून या, मुलीला इथे ठेवून जा.” कोणाच्या खिशातली सिगारेट, कोणाची पावडर, कोणाच्या घरची डासांची अगरबत्ती, सगळं त्यांना पाच फुटांवरून कळे. गावठाणातल्या एक आजी नातवाला घेऊन येत. त्यांनी एकदा पदर खोचून विचारलं, “डाक्टर, पंप नको वो, पोराला सवय लागंल ना.” डॉक्टर म्हणाले, “आजी, तुमचा चष्मा काढा बघू. काढा ना, सवय लागेल!” आजींनी चष्मा घट्ट धरला आणि पंप घेऊन निमूट घरी गेल्या.

वडिलांसाठी त्यांच्याकडे वेगळा उपचार होता. तुमच्या आजोबांचं ठाम मत होतं की मुलगा शाळा चुकवायला धापा टाकायचं नाटक करतो. डॉक्टरांनी वाद घातला नाही. टेबलाच्या खणातून शीतपेयाची एक नळी काढली, आजोबांना नाक दाबून फक्त त्या नळीतून श्वास घ्यायला लावलं आणि दवाखान्यात फेऱ्या मारायला सांगितलं. तिसऱ्या फेरीला आजोबांनी नळी काढून टाकली. “तुम्हाला काढता आली,” डॉक्टर म्हणाले, “त्याला येत नाही.” पुन्हा ‘नाटक’ हा शब्द आजोबांनी कधी काढला नाही.

एका रविवारी सकाळी तर ते न सांगता आमच्या घरी आले. ‘घर बघायचंय’ एवढंच म्हणाले आणि सरळ पलंगाखाली पोटावर आडवे झाले. माझ्या सासूबाईंना वाटलं, झुरळांचं औषध मारणारा माणूस आला आहे. त्या म्हणाल्या, “इथलं झालं की स्वयंपाकघरात ओट्याखाली मारा हो, तिथे फार झालीत.” पलंगाखालून आवाज आला, “हो आजी.” आणि खरोखर ते ओट्याखालीही जाऊन बघून आले! मग देव्हाऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, “संध्याकाळचा धूप बंद करायचा.” सासूबाई खवळल्या. “आज धूप बंद, उद्या म्हणाल देवच बाहेर ठेवा!” “देव राहू देत, आजी. त्यांना दमा नाही.”

आता माझी गोष्ट. त्यांनी मला एक वही घालून दिली होती. तुमच्या बाबाने सकाळ-संध्याकाळ एका नळीत जोरात फुंकायचं, काटा कुठवर गेला तो आकडा लिहायचा, आणि रोजचा पंप घेतला की खूण करायची. मी पट्टीने चौकटी आखल्या, कव्हर घातलं. पण पावसाळा सरला, मुलगा उड्या मारू लागला, आणि सासूबाई रोज म्हणू लागल्या, “धडधाकट पोराला कसलं औषध देतेस?” मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, पण पंपाची सवय लागते ही भीती माझ्याही पोटात होतीच. मी पंप कपाटात ठेवून दिला. वही मात्र रिकामी राहू दिली नाही, कारण रिकाम्या चौकटी मला बघवत नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवशी बसून मी सगळे आकडे मनानेच भरले, खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी, तपासणीला जायच्या आधी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या गाद्या खाली काढल्या, आणि त्याच दुपारी तुमच्या बाबाच्या छातीत शिट्टी वाजू लागली, श्वास अडकला. ओठ निळसर झाले, त्याला ‘आई’सुद्धा पुरं म्हणता येईना. ‘आ’ म्हणायचा आणि थांबायचा. आजोबांनी त्याला उचललं आणि आम्ही अनवाणीच धावलो. डॉक्टरांनी त्याला वाफेच्या यंत्राला लावलं, स्वतः तासभर त्याची पाठ धरून बसले. श्वास थोडा सैल झाल्यावर त्यांनी वही मागितली; आजोबा धावत जाऊन घरून घेऊन आले. डॉक्टरांनी पानं उलटली.

“वहिनी, एवढा शहाणा दमा मी आयुष्यात पाहिला नाही. पाहुणे आले तरी चुकत नाही, रविवारीही सुट्टी नाही. आणि दीड महिना एकाच शाईत.”

मी रडायलाच लागले. त्यांना रडणाऱ्या माणसाशी कसं वागावं ते अजिबात कळत नसे. त्यांनी स्वतःचा साय धरलेला चहा माझ्याकडे सरकवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “भीती वाटली म्हणून बंद केलात ना? मग तेच लिहायचं. विसरलात तर चौकट रिकामी सोडा. मला रिकाम्या चौकटीच वाचायच्या असतात.” त्यानंतरच्या वहीत पुष्कळ चौकटी रिकाम्या राहिल्या, आणि प्रत्येक रिकाम्या चौकटीसाठी मी बोलणी खाल्ली. पण पंप कपाटात गेला नाही.

डॉक्टर आता नाहीत. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि शेजारच्या कोणाला तिथे आधी काय होतं ते सांगता येत नाही. मला त्यांची शेवटची आठवण आहे ती तुमचा बाबा दहावीत असतानाची. त्यांनीच पंप बंद करून वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी त्याला शर्ट काढायला लावला, तपासायची नळी कानाला लावली आणि पाठीवर टेकवून डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेर मुलं रडत होती. बाबा कंटाळून म्हणाला, “काका, झालं का? क्लासला जायचंय.”

“थांब रे जरा,” ते डोळे न उघडता म्हणाले, “शिट्टी नसलेली छाती आहे. ऐकू दे मला.”