काळ्या मातीचा आखाडा

अकोल्याहून निघालो तेव्हा रस्त्यावर माणसांपेक्षा कापूस जास्त होता. समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग संपेना, आणि आमच्या दमणीला (छपराच्या हलक्या बैलगाडीला) पुन्हा पुन्हा शेतात उतरून वाट द्यावी लागे. विलायतेला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्यापासून वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदी चढली आहे. मालकांच्या डोक्यात काही चढले असेल तर तेही चांदीच असावे. विचार म्हणावा असे मला वाटेत काही आढळले नाही.

मी अमरावतीला निघालो होतो ते यादवदादासाठी. संध्याकाळी आखाड्यात डाव दाखवून तो पाणी प्यायला बसला आणि बसल्या जागीच कलंडला तो उठलाच नाही, एवढाच निरोप गाडीवानाने आणला होता. आम्ही अकोल्यातल्या एकाच आळीत वाढलो. मला चालता येऊ लागले तेव्हाच त्याने उचलून हौदात (कुस्तीची माती भरलेल्या खड्ड्यात) टाकले होते; तेव्हापासून तो माझा मित्र आणि वस्ताद. पुढे त्याने अमरावतीला स्वतःचा आखाडा काढला. मी तिथे गेलो की सुधारणेच्या चोपड्या त्याला वाचून दाखवी आणि तो ऐकता ऐकता माझी मान वाकवी. त्याच्या हौदात ब्राह्मण, कुणबी, मुसलमान, महार सगळे उतरत. आत जाताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा, एवढीच अट.

मुर्तिजापूरच्या धर्मशाळेत मुक्काम पडला. भाकरी गरम होती आणि ठेचा इतका तिखट, की शेजारी जेवणाऱ्या दलालाच्या कारकुनाची बडबडही थोडा वेळ थांबली. मग त्याने सांगितले, की अमरावतीला वस्तादाच्या नावाने कुस्त्यांची मोठी दंगल आहे, आणि त्याआधी तिथले कापसाचे बडे व्यापारी शेट आखाडा शुद्ध करून घेत आहेत.

"कशापासून शुद्ध?" मी विचारले.

"आता तुमाले काय सांगा. महारं लोळत होते ना तिथं. वस्ताद होता तवरक कोणी बोललं नाही."

मी उरलेली भाकरी कुत्र्याला घातली.

बडनेऱ्याच्या अलीकडे चाक निखळले. गाडीवान ते बसवत राहिला आणि मी पुढे पायीच निघालो. आखाड्यापाशी पोहोचलो तेव्हा हौद रिकामा होता. यादवदादाने डोंगराकडून गाडीगाडीने आणलेली, ताक, तेल आणि हळद घालून वर्षानुवर्षे मऊ केलेली लाल माती उकिरड्यावर पडली होती. आखाड्याच्या पंचांनी त्याला मान डोलावली होती. शेटने नवे छप्पर देऊ केल्यावर त्यांच्या माना तशाही फार काळ सरळ राहिल्या नसत्या.

यादवदादाच्या घरी वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगणात सोनबा होता, महारवाड्यातला, यादवदादाचा सगळ्यात तयार पठ्ठ्या. आपल्याला आखाड्यात पाय ठेवू नको म्हणून सांगितले आहे, हे त्याने मान वर न करता सांगितले.

मी तडक शेटकडे गेलो. समतेवर बरेच बोललो. त्यांनी पान लावले.

"आमी वस्तादाचा मानच करून राहिलो, पंडित. हौदात नवी माती टाकतो. आपल्या वावरातली काळी. ह्या मातीनं सारं वऱ्हाड श्रीमंत केलं. लाल माती काय देते?"

काळी माती ओली झाली की पायाला डिंकासारखी धरते आणि वाळली की दगड होते, हे कोणताही पहिलवान सांगेल. ते त्यांना हौदच सांगेल म्हणून मी जोडा पायात घातला. वाद अर्धा टाकून उठण्याची माझी ती पहिलीच वेळ.

दंगलीला हलगी होती, हार होते, आणि यादवदादाला कधी न भेटलेल्या गृहस्थांचे त्याच्या थोरवीवर लांबलचक भाषण होते. धूळ बसावी म्हणून हौदात पाणी शिंपले होते. शेटचा भाडोत्री पहिलवान शड्डू ठोकून उतरला, समोरचाही उतरला. चार पावलांत दोघांच्या पायांना सुपाएवढे गोळे चिकटले. कोणी कोणाला पाडेना, कारण कोणाचा पाय सुटेना.

"पेरून टाका आता दोघाईले," मागून कोणी म्हणाले, आणि सारा माळ हसला. मानाचा फेटा घेऊन शेट मध्ये गेले. त्यांचा जोडा तिथेच राहिला.

सोनबा हसायला नव्हता. तो आणि आणखी काही जण उकिरड्यावरची लाल माती टोपल्यांनी नाल्याकाठी वाहत होते. महारवाड्यापलीकडे त्यांनी नवा हौद खणला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे जमलो. कोणी न बोलावता वहिनीही आल्या. सुतकात बाहेर पडल्या म्हणून गावाने काय म्हणायचे ते म्हटले.

वस्ताद गेल्यावर नव्या हौदात पहिली कुदळ जो मारतो तो पुढचा वस्ताद, अशी आमच्याकडे रीत आहे. सर्वांत जुना चेला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भाषणही जुळवून आणले होते. वहिनींनी कुदळ उचलली.

"तुमी तर उद्या गाडीत बसून जासान, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माती रोज पलटवा लागते."

आणि त्यांनी कुदळ सोनबाच्या हातात दिली.

त्याने मातीला हात लावून कपाळाला लावला आणि पहिला घाव घातला. हौद मऊ झाल्यावर मला आत बोलावले. शालजोडीतल्या पंडितावर दया दाखवील असे वाटले होते. त्याने यादवदादाचा खास टांगेचा डाव लावून मला सपशेल चीत केले. लाल माती कानात गेली, नाकात गेली, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटले. सोनबा बाजूला बसून राहिला. कोणी घाई केली नाही.

अकोल्याला परतलो. आळीतल्या मंडळींनी दादाबद्दल हळहळून झाल्यावर विचारले, की आता तिथे वस्ताद कोण. मी सोनबाचे नाव सांगितले, महारवाड्यातला हेही सांगितले. मग एकाने घसा साफ करून अमरावतीचा कापसाचा भाव विचारला.

मी वस्तादाचे नाव पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितले.