बदलीचं गाऱ्हाणं

महसूल खात्यातल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरतात. माझी पंचाईत एवढीच, की माझ्या बहुतेक किश्शांत येडा मीच!

मी मंडळ अधिकारी. म्हणजे तलाठी ज्याला ‘साहेब’ म्हणतो आणि तहसीलदार ‘अहो, इकडे या’ म्हणतात, तो. घर रत्नागिरीत, बायको सुनंदा तिथल्याच शाळेत शिक्षिका. त्यामुळे नोकरीभर एकच ध्यास, रत्नागिरीला बदली!

*

मिळालं मंडणगड. मोबाइलला रेंज फक्त सड्यावर. एकदा तिथल्या उघड्या कातळावर उभा राहून व्हिडिओ कॉन्फरन्सला हजर झालो. प्रांतसाहेब मध्येच थांबले.

“तुमच्या मागे ती गुरं कसली?”

“पशुगणना चालू आहे, सर!” मी ठोकून दिलं.

“व्हेरी गुड!”

दुसऱ्या दिवशी गणनेचं काम खरोखरच माझ्या गळ्यात पडलं.

*

पुन्हा रत्नागिरी मागितली, मिळालं देवरूख. तिथे दोन भावांची जमिनीच्या नोंदीवरून तक्रार होती. सुनावण्या घेऊन घेऊन मी थकलो. शेवटी असा निकाल लिहिला की माझा मीच खूश! दोघांनी हात जोडले.

“सायब, निकाल फस्क्लास! आता देवाला कौल लावतो. तो हो म्हणाला की आमचंपण हो!”

मीही मुकाट्याने देवळाबाहेर जाऊन बसलो. अखेर कौल माझ्या बाजूने लागला. अपिलात माझा निकाल कायम झाल्याची नोकरीतली ही एकमेव वेळ.

*

रविवारी घरी आलो की माझी तपासणी सुरू. “हा डबा इथे का? गॅसची नळी कधी बदलली?”

सुनंदा शांतपणे म्हणायची, “पंचनामा झाला असेल, तर नारळ सोला!”

सोमवारची एसटी पहाटेची. ती माझी बॅग रविवारी दुपारीच भरून दाराशी ठेवायची. बिचारीला माझी केवढी काळजी, असं वाटून मला भरून यायचं.

*

शेवटी धीर करून वरच्या साहेबांना भेटलो. “सर, समुद्राकाठचं गाव आपलं. रत्नागिरी मिळाली तर...”

“समुद्र हवा ना? देतो!”

दिलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं नाटे!

*

नाटे गावी निवृत्ती जवळ आली. बदलीची ही अखेरची संधी. देवळात उत्सव होता, सुनंदा पहिल्यांदाच आली होती आणि बायकांत बसली होती. आमच्याकडे गावकर, म्हणजे गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. मी गावकरांच्या कानाशी लागलो.

“तात्या, तेवढं माझ्या बदलीचं बघा.”

“काळजीच नको, सायब!”

तात्यांनी आवाज लावला. “बा देवा म्हाराजा! गावावर नजर ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या सायबांच्या बदलीचं घाटतंय म्हाराजा! ती रद्द कर, नि रिटायर होईस्तोवर त्यांना हितंच ठेव रे म्हाराजा!”

मी मागून तात्यांचा सदरा ओढला.

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला. सगळ्यांत मोठा आवाज बायकांच्या बाजूने आला. ओळखीचा वाटला, म्हणून वळून पाहिलं.

सुनंदा डोळे मिटून, हात जोडून बसली होती.