राष्ट्रगीतानंतरचं आमेन

"येशूनं मले जागा वरती देल्ली, पन राहाले समुद्रपूर तालुकाच देल्ला," असं शिमोन तिरपुडे एकदा म्हणाले होते.

मतदारयादीच्या कामावर आलेल्या मास्तरीणबाईंनी त्यांना मूळ गाव विचारलं होतं. गावात ख्रिस्ती घर एकच, म्हणून बाईंना वाटलं, ही माणसं कुठून तरी आलेली असणार. शिमोनभाऊंच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तो याच गावच्या नदीत, कमरेएवढ्या पाण्यात. त्याच्या आधीच्या पिढ्याही इथंच कापूस वेचत संपल्या होत्या.

शाळेत शिपाई म्हणून लागले तेव्हापासून गावाचा झेंडा शिमोनभाऊच बांधत. निवृत्त झाले तरी ग्रामपंचायतीनं ते काम त्यांच्याकडेच ठेवलं. घडीत झेंडूच्या पाकळ्या घालायच्या आणि गाठ अशी मारायची की वाऱ्यानं सुटू नये, पण दोरीच्या एका हिसक्यात सुटावी. चौतीस वर्षांत एकदाही अडकली नाही. गावानं त्यांना काही दिलं असेल तर ते हेच होतं, आणि त्यांना ते पुरत होतं.

दोन हजार पंचवीस सालचा सव्वीस जानेवारी रविवारी आला.

"आधी कोन्तं? झेंडा का चर्च?" आनंदाबाईंनी चहा पुढे ठेवत नवऱ्याला विचारलं.

"झेंडा आठले, चर्च अकराले. देवानं टाईम बराबर लावला."

मग दोघांनी रविवारची घरची प्रार्थना केली. त्यात नेहमीप्रमाणे देश आला. दिल्लीत बसलेल्यांपासून गावात नळ सोडणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना शिमोनभाऊंनी देवाच्या हाती दिलं.

बाहेर धुकं होतं. झेंड्याच्या पाराकडे चालताना त्यांना तालुक्याच्या चर्चमधला मागचा रविवार आठवला. पाळकसाहेब सांगत होते की विश्वासणाऱ्याचं खरं वतन वर आहे, आणि ऐकता ऐकता शिमोनभाऊंना डुलकी लागली होती. तेवढ्यात ते वतन दिसलं. कापूस फुटलेला, पांढराच पांढरा, आणि त्याच्या मधून पायवाट. वाटेच्या टोकाला टेबल टाकून कुणी तरी बसलेलं. त्यानं गाव विचारलं. शिमोनभाऊंनी सांगितलं. त्यानं मान वर न करता ते लिहून घेतलं, जसं काही ते नाव त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. तेव्हापासून वरचं वतन आणि हे गाव यांच्यामधली शीव त्यांना नीट सापडत नव्हती. सापडावी असं वाटतही नव्हतं.

सरपंच जयाताईंनी दोरी ओढली. गाठ सुटली, पाकळ्या धुक्यातून सावकाश खाली आल्या. राष्ट्रगीत सुरू झालं. शिमोनभाऊंनी डोळे मिटले. पोरांचे पातळ आवाज, म्हाताऱ्यांचे जाड आवाज, सगळे एका पाण्यासारखे वाहत गेले आणि थांबले. त्या शांततेत शिमोनभाऊंच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "आमेन."

पोरं खुसखुसली. शिमोनभाऊंनी डोळे उघडले तेव्हा सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

नंतर ग्रामपंचायतीच्या खोलीत ग्रामसभा भरली. सदस्य असलेला हेमराज उभा राहिला.

"राष्ट्रगीतात आपला धर्म काऊन घातला, हे काकानं सांगावं. उद्या सारेच आपापलं जोडतीन."

"संपल्यावर म्हनलं न त्यानं," पुंडलिकराव म्हणाले. ते शिमोनभाऊंच्या वर्गातले. "तुह्या बापानं एका सालाले मधातच ढेकर देल्ली होती. ते कोन्या धर्माची होती?"

खोली हसली. हेमराज हसला नाही.

"झेंड्याचा मान गावाचा आहे, मामाजी. ज्याले कुठं काय बोलावं ते समजत नाई, त्याच्या हाती तो काऊन द्याचा?"

आता कुणी हसलं नाही. जयाताईंना वाद नको होता. त्यांनी ठरावाचं रजिस्टर ओढलं.

"काका, चूक झाली, येवढंच म्हना. आपन लिहून टाकू, विषय संपला. एक मेचा झेंडा तुमीच बांधजा."

"म्हनून टाक, शिमोन," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "दोन शब्द तर आहेत."

शिमोनभाऊंना बाप आठवला. लहानपणी तो त्यांना सांगायचा, आमेन म्हणजे तसंच होवो. मनात नसेल तर म्हणू नको, आणि म्हटलं तर मागं घेऊ नको. सकाळी त्या शांततेत त्यांच्या मनात हा सगळा जमाव होता, पोरं, म्हातारे, हेमराजसुद्धा. हे असंच राहो, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आता चूक झाली म्हटलं तर झेंडा हातात राहील, पण ते मागणं परत घेतल्यासारखं होईल. चौतीस वर्षांची गाठ बोटांना जाणवली. हात एकदा मिटले, मग उघडले.

"काय लिहू, काका?" जयाताईंचं पेन कागदावर टेकलं होतं.

शिमोनभाऊंनी जयाताईंकडे मायेनं पाहिलं. राग कुणाचाच आला नव्हता. गुडघ्यावर हात टेकून ते उठले. बसलेल्या माणसांनी पाय आवरून वाट दिली. दाराशी त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि ते बाहेर पडले.