थोडं गोरं करा

चार वर्षं मी यवतमाळला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करत होते. कुणी विचारलं तर "चित्रकार आहे" म्हणून सांगायचे, आणि पुढचा प्रश्न येण्याआधी विषय बदलायचे. कारण प्रत्यक्षात करत होते ते हे: कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाची तेरवी. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करायचं आणि फोटो उघडायच्या आतच म्हणायचं, "ताई, थोडं गोरं करजा." श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरच्या म्हाताऱ्यालासुद्धा लोक गोरं करून घ्यायचे. आता याला कुठं मुलगी पाहायला जायचंय, असं तोंडावर यायचं, पण मालक शेजारीच बसलेले असायचे.

मला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची होती. दुकानातून सुटले की एसटीनं पाऊण तासावरच्या आमच्या गावी यायचे, चहा प्यायचे आणि प्रकाशकांना मेल लिहायला बसायचे. बरेचदा उत्तर यायचंच नाही. एकानं कळवलं की चित्रं आता ते कॉम्प्युटरकडूनच करून घेतात, चित्रकार लागत नाही. त्या मेलच्या शेवटी हसरा चेहरा होता. तो चेहरा मला आठवडाभर छळत होता.

बाबांनी संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. "तवरोक पाह्य तुय चित्र. मंग तलाठ्याचा फॉर्म भरतं का नाही?" मी हो म्हटलं होतं. बाबा रागावत नव्हते, तेच वाईट होतं. ते नुसते जाहिराती कापून माझ्या उशीजवळ ठेवायचे. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावर चिडायचे.

अशात पुण्याच्या एका प्रकाशनातून मेल आला. त्यांना पगारावर एक चित्रकार हवा होता, घरून काम करणारा चालणार होता. एक मुलगी आईबरोबर कापूस वेचायला जाते अशी छोटी गोष्ट पाठवली होती. तिची तीन चित्रं चार दिवसांत काढून पाठवायची, मग ते ठरवणार. मी मेल पाच-सहादा वाचला. कापसाची गोष्ट, आणि मी या गावची. इथं नापास झाले तर बोलायला जागाच उरत नव्हती.

आई त्या दिवसांत रोज वेचणीला जात होती. मी तिला अंगणात उभं केलं, कमरेला फडकं बांधायला लावलं, वाक म्हटलं, मान वळव म्हटलं. "रोज शेतात वाकतो, आता घरीबी वाकू काय?" असं म्हणत ती वाकली. तीन दिवस मी दुकानात सुट्टी टाकून चित्रं केली. बोंडं, पऱ्हाटीची पानं, आईच्या बोटांना पडलेल्या चिरा, सगळं मन लावून. पाठवण्याआधी आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि लाजून म्हणाली, "कित्ती छान दिसून राह्यली वो मी."

दुसऱ्या दिवशी संपादक बाईंचा फोन आला. चित्रं आवडली, हात चांगला आहे, असं त्या म्हणाल्या. "एक विचारू? ही आई उन्हात काम करते ना? मग इतकी गोरी कशी?"

मी मोबाइल कानाला लावूनच लॅपटॉपवरच्या चित्रांकडे बघितलं. खरंच होतं. आई गोरी, मुलगी गोरी, मागे वेचणाऱ्या दोघी बायकाही गोऱ्या. कुणीही सांगितलेलं नसताना मी चेहरे उजळले होते. चार वर्षांत हाताला असं वळण लागलं होतं की चेहरा दिसला की उजळायचा. जिला जन्मापासून बघते तिचा रंग मी चुकवला होता, तोही तीन दिवस तिला समोर उभं करून. "चुकलं, मॅडम," एवढंच म्हणता आलं. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवा, मग बघू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठवणीतून रंग लावायची मला भीती वाटली. सकाळी आईला म्हटलं, वेचणीला उशिरा जा, थोडी उन्हात बस. ती आत गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली ती तोंड धुऊन, केस विंचरून, पावडर लावून. चित्र पुण्याला जाणार म्हणून.

"आई, पावडर पुस."

"काहून वो?"

"मले तुया खरा रंग पाह्यजे. त्या बाई म्हन्तात, गोरी नाही पाह्यजे."

आईचा चेहरा पडला. "म्हंजे मले काळी करून पाठवतं का? कालचं चांगलं होतं ना?" मी घड्याळ बघत होते. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी खेकसले, "पुस ना लवकर, मायी नोकरी जाईन." तिनं पदरानं तोंड पुसलं. चांगलं खसखसून पुसलं. मग दीड तास उन्हात बसली. गालाच्या हाडावर तांबूस, डोळ्यांखाली जवळजवळ जांभळा, कपाळावर पदराच्या रेघेवर फिक्कट. किती रंग होते तिथं. मी एकेक काढत गेले.

चित्रं गेली. दोन दिवस मी मोबाइल घेऊन नळावर, गच्चीवर, दुकानात फिरले. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावच चुकलं आणि मालकांची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एक तारखेपासून सुरू करा."

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी सांगितलं तेव्हा तिनं पिठाच्या हातांनीच माझं तोंड धरलं. बाबांना हाक मारली. मग जरा वेळानं, तव्याकडे बघत म्हणाली, "त्या बाईनं मले पाह्यलं असंन ना? काय म्हने?"

बाई "आता बरोबर आहे" याच्यापलीकडे काही म्हणाल्या नव्हत्या. मी म्हटलं, "म्हने, तुमची आई लय सुंदर आहे."

आईनं भाकरी उलटली. "पावडर लावल्यावरची का पुसल्यावरची?"

"पुसल्यावरची."

भाकरी फुगली तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि मला कळलं की हे बाईंच्या तोंडी घालायची काही गरज नव्हती. दीड तास मी तिच्यासमोर बसले होते. मलाच म्हणता आलं असतं.