जित्या माणसाचा कडू घास

माझा नवरा जिवंत होता, तेव्हा सुपडाअक्कानं त्याला भर गल्लीत मारून टाकलं.

म्हणून माझ्या दोन पोरी जगल्या.

आज पहाटे अक्का गेली. सकाळपासून गावाच्या ग्रुपवर फुलांचे फोटो आणि जोडलेले हात पडताहेत. तिच्या घरी चूल बंद आहे, डबा कोणी नेला का, हे एकानंही विचारलं नाही.

मी चौथी शिकलेली बाई. लिहिताना चुकलं तर गिळा.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा उन्हाळा असेल. चोपड्याकडचं आमचं गाव. नवरा सुरतला कामाला गेला तो गेलाच. आठ महिने ना पत्र, ना निरोप.

वैशाखात वादळ आलं. केळीच्या बागा आडव्या झाल्या. मजुरी बंद.

घरात मी, आठ वर्षांची मोठी, चार वर्षांची धाकटी. आणि रिकामा डबा.

थोरल्या दिरांकडे, जेठांकडे गेले. म्हणाले, "येईल तो. धीर धर."

धीर शिजत नाही, हे त्यांना कोण सांगणार.

तलाठ्याकडे गेले. निराधार बाईला सरकार काहीतरी देतं असं ऐकलं होतं.

"नवऱ्याच्या मरणाचा दाखला आणा."

"तो मेला नाही भाऊ."

"मग तुम्ही निराधार कशा?"

शिकलेला माणूस. त्याचं बरोबरच असणार.

दारोदार मागायला माझं नाक आडवं येत होतं. गल्लीला दिसत नव्हतं असं नाही. पण नवरा असलेल्या बाईला भाकर कोण देणार? उद्या तो येऊन विचारेल, माझ्या बायकोला भिकारीण समजलात का?

सुपडाअक्का समोरच्या घरातली. विधवा. हातपंपावरच्या भांडणावरून वर्षभर आम्ही एकमेकींचं तोंड पाहत नव्हतो.

एका दुपारी ती झाकलेलं ताट घेऊन आली. उंबऱ्यात ठेवलं.

भाकरी आणि बिनफोडणीचं वरण.

बिनफोडणीचं! मला तेव्हाच कळलं.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. गल्ली पाळीपाळीनं जेवण आणून देते. त्याला कडू घास म्हणतात. कोणाशी कितीही वैर असो, कडू घासाला नाही म्हणता येत नाही.

"तुना नवरा मरना आज," अक्का म्हणाली. "कुकू पुस."

मी ताट लाथाडलं. तोंडात आल्या त्या शिव्या दिल्या. तिचा वंश काढला.

ती हलली नाही.

धाकटी खाली बसली आणि जमिनीवर सांडलेलं वरण चाटायला लागली.

मोठीनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. तिला अर्थ कळत होता. मग तिनंही भाकर उचलली.

मी पदरानं कुंकू पुसलं. बांगड्या अक्कानं उंबऱ्यावर फोडल्या.

मग ती हातपंपावर गेली आणि ओरडून सांगितलं, हिचा माणूस गेला, पाळ्या लावा.

"तार आली का?" गल्लीतले म्हातारे सुकाआबा म्हणाले.

"नही आली."

"मग? जित्या माणसाचं सुतक? पाप लागेल सगळ्या गल्लीला."

"पाप मना पदरमा टाका आबा. भाकरी हिना पदरमा टाका."

सगळ्यांना माहीत होतं की खोटं आहे. पण पहिलं ताट पडलं होतं. दुसऱ्या घराला लाज वाटली, तिसऱ्याला त्याहून जास्त. जेठाणीसुद्धा ताट घेऊन आली. तोंड वाकडं होतं, भाकर सरळ होती.

तेरा दिवस दोन्ही वेळा जेवलो. तेराव्याला मृगातल्या केळीबागेची लावणी निघाली आणि मी केळीचे कंद लावायला गेले.

फुकट काहीच झालं नाही. पुढे एकाही लग्नात मला हळदीला कोणी बोलावलं नाही. बायका समोरून आल्या की बाजूनं जायच्या. ते मी खाल्लेल्या भाकरीतच आलं.

तिसऱ्या वर्षी तो परत आला. खोकत. खोटं माहीत असूनही बायका किंचाळल्या, पोरं पळाली.

त्याला सगळं गावानं वेशीवरच सांगितलं होतं.

"मना कडू घास खादा तू?"

"खादा. गोड लागना."

कुंकू लाव म्हणाला, मी लावलं नाही. पाच वर्षं त्याचा खोकला काढला.

मग तो खरा मेला. चूल बंद. संध्याकाळ झाली तरी कोणाचं ताट आलं नाही. गल्ली म्हणाली, याचा कडू घास तर मागेच झाला, माणूस दोनदा मरतो का?

अक्का आली. तेच ताट. तेच बिनफोडणीचं वरण.

"खाय. हाऊ घास खरा शे."

तेव्हा मी रडले. नवऱ्यासाठी की कशासाठी, ते विचारू नका.

आता मी जळगावला धाकटीकडे असते. आज दुपारी डबा घेऊन इथल्याच अक्काच्या मुलाच्या फ्लॅटवर गेले. धाकटीनं स्कूटीवर नेलं. वरण चाटणारी ती हीच.

सून चांगली आहे, म्हणाली, "मावशी, कशाला त्रास घेतला? बाहेरून ऑर्डर केलंय. पनीर आहे."

मी डबा उघडला.

अक्काचा रमेश साठीला आलाय. त्यानं वरणाचा वास घेतला. फोडणी नव्हती. फरशीवर मांडी घालून बसला. दोन भाकरी खाल्ल्या.

पुढचे बारा दिवस डबा माझा. सोसायटीच्या वॉचमनला सांगून आलेय.

सुपडाअक्का, तुझं तोंड वाईट होतं. माझंही आहे.

वर कोणी त्या पापाचं विचारलं, तर एकटी मान खाली घालू नको.

सांग, भाकरी खाणारी मागून येतेय.

जा आता.