विकल्यावर चालू लागलेलं दुकान

दौंडच्या त्या पेंटरला मी तोंडावर मामा म्हणतो. मनात काय म्हणतो, ते लिहिण्यासारखं नाही. शिरूरच्या स्टँडजवळचं माझं फ्लेक्सचं दुकान, छपाईच्या मशीनसकट आणि रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या चार लोखंडी सांगाड्यांसकट, मी गेल्या वर्षी त्यांना विकलं.

मंदी होती, यात खोटं काही नाही. कारखान्यांनी भरतीच्या जाहिराती थांबवल्या, प्लॉटिंगवाले फोन उचलेनात, आणि चौकभर पसरणारे वाढदिवसाचे पुढारी आक्रसून विजेच्या खांबावर मावायला लागले. तरी बायकोचं मन दुकान विकायला तयार नव्हतं. "जरा दम धरा की," ती म्हणायची. "असल्या मंदीत कुणाचंच चालत न्हाई," हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ती माझ्या शब्दावर हो म्हणाली. म्हणून मामांचंही दुकान बुडायला हवं होतं. सहा महिन्यांत त्यांनी शटर ओढलं असतं, तर मी घरात खरा ठरलो असतो.

पण ते चाललं. दूध आणायच्या निमित्ताने मी रोज सकाळी सांगाड्यांवरून चक्कर मारायचो. आधी एक भरला, मग दुसरा. चौथ्यावर जाहिरात चढली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भाव पाडला असेल म्हणून चौकशी केली, तर भाव माझाच होता. असा जळफळाट माझा सख्ख्या भावकीवरूनही कधी झाला नव्हता.

खरं कारण कळलं तेव्हा तर जास्तच झोंबलं. आमच्याकडे लग्नाच्या फ्लेक्सवर सगळ्या भावकीचे फोटो लागतात, आणि कुणाचा फोटो कुणाच्या वर, यावरून भर मांडवात रुसवेफुगवे होतात. माझा नियम साधा होता: यादी आणा, छापून देतो, रुसवे तुमचे तुम्ही बघा. मामा यादी मागतच नाहीत. स्कूटरवरून थेट लग्नघरी जातात, चहा पितात, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून थोरलं कोण, अबोला कुणाचा, हे काढून घेतात आणि क्रम स्वतः लावतात. तरीही कुणी रुसलंच, तर "चूक पेंटरची हाय, घरच्यांची न्हाई," म्हणून अंगावर घेतात. मला हे सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी खुर्ची सोडून मी जवळच्या निमोणे गावापर्यंतसुद्धा गेलो नसतो.

दुकानाचं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते अजून माझंच छापतात.

या उन्हाळ्यात केंदूरला बायकोच्या चुलत्यांकडे लग्न होतं. मांडवाच्या तोंडाशी मामांचा फ्लेक्स. मी चूक शोधायला समोर उभा राहिलो. बांधावरून बोलणं बंद असलेले दोन भाऊ एकाच मापात, एकाच ओळीत लावले होते आणि मध्ये नवरदेवाची आजी बसवली होती. दोघंही भाऊ मांडवात हजर होते. मला एकही चूक सापडली नाही.

तेवढ्यात आबा, म्हणजे बायकोचे चुलते, जवळ आले. "पावनं, तुमचं दुकान लय सुधारलं आता. आमच्या घरचं भांडान टळलं बघा."

दुकान विकल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातलं नाव वाचून ते बोलत होते; घरी येऊन गेलेले मामा त्यांना माझ्याच दुकानातले पेंटर वाटले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"व्हय आबा," मी म्हणालो. "आता जरा जातीनं लक्ष घातलंय."

बायको माझ्या पाठीमागेच उभी होती. परत निघालो, ती गाडीवर मागे बसलेली. शिक्रापूर मागे पडलं.

"मंदी त्यांनाबी व्हतीच की," ती मागून म्हणाली. "ते उठून लोकांच्या दारात गेलं. तुम्ही उठलाच न्हाई."