आजीचं मन वळवताना

सूरजागडच्या डोंगरांकडच्या एका गावात माझी नर्स म्हणून पहिली नेमणूक झाली, ती नव्वदच्या दशकात. मी राजुऱ्याच्या शिंप्याची मुलगी. अब्बांच्या मशीनचा खडखडाट आणि भावंडांची भांडणं यांत वाढलेली. इथं क्वार्टरमध्ये कंदील लावला की बोलायला कोणी नसे. गाव गोंडी बोलायचं, आणि मला ती येत नव्हती.

लोकांना दवाखान्यात यायला कसं राजी करायचं, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं: फायदे सांगा, होकार घ्या. होकार मला घरोघर मिळायचा. पेशंटांना दवाखान्यात न्यायला जीप यायच्या दिवशी मात्र दारं बंद. कोणी वाद घातला असता तर आवडलं असतं. निदान बोलणं तरी झालं असतं.

गावाच्या टोकाला एक आजी एकटीच राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरुणपणी राजुऱ्याकडे मजुरीला गेल्यामुळे तिला थोडी मराठी यायची. ऑपरेशनचं काढलं तर म्हणाली, आता पाहायचं काय राहिलंय. मी तो विषय सोडला, पण जाणं सोडलं नाही. त्यात युक्ती नव्हती, मला संध्याकाळ खायला उठायची. ओसरीवर आम्ही चिंचा फोडायचो. ती चाचपून चिंचोके काढायची, मी अम्मीच्या आठवणी सांगायची.

अशीच एकदा ती मध्येच थांबली. "डोळ्याले पट्टी बांधतात म्हनते. तवा माह्याजवळ कोन राहीन?"

"मी राहीन."

"रात्री बी?"

"रात्रीसुद्धा."

"मंग येतो."

मी तिला समजावू पाहिलं होतं ते डोळ्याबद्दल. तिला भीती होती ती परक्या आवाजांत, अंधारात एकटं पडण्याची. ती भीती तर मलाही ठाऊक होती, तरी मी तिला विचारलं नव्हतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मी रजा काढून तिच्या खाटेशी खाली झोपले. ओढणीचं टोक तिच्या मुठीत असायचं. पट्टी सुटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मले वाटलं तू मोठी बाई असशीन. तू त पोरगीच आहेस. अन् इतकी बारीक काऊन? जेवत नाई का?"

घर सोडल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी वॉर्डाबाहेर जाऊन रडून घेतलं.

गावी परतल्यावर ती स्वतःच घरोघर गेली. काय बोलली कोण जाणे, सगळं गोंडीत. मी दाराशी नुसती उभी. पुढच्या वेळी जीपमध्ये जागा पुरली नाही.

दिसायला लागल्यावर आजी बायकांबरोबर मोहफुलं वेचायला जंगलात जाऊ लागली. संध्याकाळी त्यांच्याच अंगणात रमायची. मला बरं वाटायचं, खरंच वाटायचं. तरी सवयीनं मी तिच्याकडे जायची, रिकाम्या ओसरीवर जरा वेळ टेकायची आणि भात टाकायला क्वार्टरवर परतायची.